'टर्न इट ऑफ' बरोबर आणि 'लुक इट अ‍ॅट' चूक, असे का?

आपला प्रश्न असा आहे की दिव्याविषयी बोलताना 'टर्न इट ऑफ' म्हणायचे, 'टर्न ऑफ इट' चालत नाही. उलट 'लुक अ‍ॅट इट' बरोबर आणि 'लुक इट अ‍ॅट' चूक, हे ठरते कशावरून, आणि अशा क्रियापदांची यादी पाठ करण्यावाचून दुसरा मार्ग आहे की नाही. आपण ज्या क्लासला जाता तेथे मराठी बोलण्यास बंदी आहे, असेही आपण लिहिले आहे. अशाच एका वाक्यावरून सांगलीत एका सराव पाठाला माझे गुण गेले होते आणि तेही मराठी वापरल्याच्या कारणावरून, म्हणून हे उत्तर लिहायला बसलो.

'पाणी वर आले' आणि 'पाणी पायऱ्यांवर आले' ही दोन वाक्ये घ्या. कृष्णाकाठी राहणाऱ्या माणसाला ती दर पावसाळ्यात म्हणावी लागतात. पहिल्या वाक्यातला 'वर' सुटा आहे, तो क्रियापदाला अर्थ पुरवतो, म्हणून ते क्रियाविशेषण अव्यय; दुसऱ्यातला 'वर' नामाला जोडून आला आहे, म्हणून ते शब्दयोगी अव्यय. इंग्रजीत 'द वॉटर केम अप' आणि 'द वॉटर केम अप द स्टेप्स' यांत नेमका हाच फरक आहे. मराठीत तो डोळ्यांना दिसतो, कारण शब्दयोगी अव्यय लागले की नामाचे सामान्यरूप होते, म्हणजे 'पायऱ्या'चे 'पायऱ्यां' होते, आणि दोन्ही शब्द एकत्र लिहिले जातात. इंग्रजीत 'अप' दोन्ही ठिकाणी तसाच राहतो आणि नामही बदलत नाही. सर्वनामाकडून मदत मिळेल म्हणावे, तर 'ही'चे 'हिम' क्रियापदाच्या कर्मासाठीही होते आणि शब्दयोगी अव्ययाच्या पुढेही होते. म्हणून इंग्रजीला हा फरक मुख्यतः जागेवरून दाखवावा लागतो. छोटा शब्द सुटा असेल, म्हणजे क्रियापदाचा असेल, तर कर्म म्हणून आलेले सर्वनाम दोघांच्या मध्ये बसते. छोटा शब्द जोडलेला असेल, तर सर्वनाम त्याचेच असते आणि त्याच्या मागोमाग येते. 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'लुक अ‍ॅट द लाइट' ही वाक्ये सारखीच दिसतात, कारण पूर्ण नामाला पहिल्या प्रकारात दोन्ही जागा मोकळ्या असतात आणि 'टर्न द लाइट ऑफ' हेही चालते. सर्वनाम आले की मग खरे रूप उघडे पडते.

१९९३ साली मी सांगलीत बी.एड. करत होतो. गावभागातल्या एका शाळेत आठवीच्या वर्गावर माझा इंग्रजीचा सराव पाठ होता. पाठ टाचणात मी 'स्विच इट ऑफ' हे वाक्य घेतले होते. तीन-चार मुलांनी ते 'स्विच ऑफ इट' असे म्हटले आणि मला थांबावे लागले, कारण माझे वाक्य बरोबर आहे हे मला ठाऊक होते, पण ते का बरोबर आहे हे इंग्रजीतून सांगण्याइतके शब्द त्या मुलांजवळ नव्हते. मी फळ्यावर पाण्याची ती दोन मराठी वाक्ये लिहिली. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, पहिला 'वर' सुटा आहे आणि दुसरा जोडलेला आहे." मी विचारले, "मग 'स्विच ऑफ द फॅन'मधला 'ऑफ' कसा?" निम्म्या वर्गाने सांगितले की सुटा, कारण पंख्यावरून काही होत नाही, पंखा बंद होतो. पुढची दहा मिनिटे मुलांनी स्वतःच वाक्ये तयार केली आणि सर्वनाम एकदाही चुकले नाही. त्यानंतर पुष्कळ वर्षे मी शिकवले, पण तशी दहा मिनिटे फार थोड्या वेळा वाट्याला आली.

पाठनिरीक्षकांनी वहीत शेरा लिहिला की आशयाची चूक आहे आणि मातृभाषेचा वापर झाला आहे. पाठानंतरच्या चर्चेत, सगळ्या सहाध्यायांसमोर, ते म्हणाले की क्रियापद आणि त्याचे प्रीपोझिशन, म्हणजे शब्दयोगी अव्यय, यांची फारकत कधीही करायची नसते, आणि मराठी माध्यमातून आलेल्यांना प्रीपोझिशन शेवटपर्यंत कळत नाही. मी खाली मान घालून ऐकले. 'ऑफ' तेथे प्रीपोझिशन नाहीच, एवढे एक वाक्य मला त्या दिवशी सुचले असते, तर त्यांना उत्तर मिळाले असते.

ते उत्तर मला पुढच्याच महिन्यात साताऱ्याहून सांगलीला येणाऱ्या एसटीत सापडले. पेठ नाक्याला गाडी महामार्ग सोडून इस्लामपूरच्या दिशेने वळली आणि मनात वाक्य आले, 'वी टर्न्ड ऑफ द हायवे.' येथला 'ऑफ' जोडलेला आहे, आपण मराठीत 'महामार्गावरून' असा एकच शब्द म्हणतो. त्यामुळे महामार्गासाठी सर्वनाम घ्यायचे झाले तर 'वी टर्न्ड ऑफ इट' हेच बरोबर आणि 'वी टर्न्ड इट ऑफ' चूक, म्हणजे दिव्याच्या नेमके उलट. क्रियापद तेच, छोटा शब्दही तोच. आपल्या प्रश्नाचे उत्तर क्रियापदांच्या यादीत मिळत नाही, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. आपल्या क्लासच्या सरांनी 'टर्न ऑफ इट' सरसकट चूक म्हटले असेल, तर त्यांना पेठ नाक्याचे वाक्य जरूर विचारावे.

सुटा की जोडलेला अशी शंका आली, तर आणखी दोन-तीन खुणा उपयोगी पडतात. 'टर्न इट ऑफ' म्हणताना आवाजाचा भार 'ऑफ'वर पडतो, 'लुक अ‍ॅट इट' म्हणताना तो 'लुक'वर पडतो आणि 'अ‍ॅट' घाईने उच्चारला जातो. क्रियापद आणि जोडलेला शब्द यांच्यामध्ये दुसरे क्रियाविशेषण घालता येते, जसे 'लुक केअरफुली अ‍ॅट इट' किंवा 'टर्न क्विकली ऑफ द हायवे'. पण 'टर्न क्विकली ऑफ द लाइट' असे कोणी म्हणत नाही. 'विच' हे सर्वनाम जोडलेल्या शब्दाला आपल्यापुढे ओढून आणू शकते, म्हणून 'द स्टेप्स अप विच द वॉटर केम' हे वाक्य पुस्तकी असले तरी उभे राहते. दिव्याच्या बाबतीत 'ऑफ विच' उभे राहत नाही. 'पुट अप विथ इट' हे रूप पाहिले म्हणजे सगळा प्रकार एका ठिकाणी दिसतो, कारण त्यात 'अप' सुटा आहे, 'विथ' जोडलेला आहे आणि 'इट' हे 'विथ'चे आहे, म्हणून ते शेवटीच येणार.

सर्वनामाला मध्येच का बसवतात, याचेही कारण आहे. इंग्रजी वाक्यात नवी आणि वजनदार गोष्ट शेवटाकडे जाते, तर 'इट' म्हणजे ज्याची ओळख आधीच झालेली आहे अशी वस्तू. तिला शेवटच्या, भार पडणाऱ्या जागेची गरज नसते. याच कारणाने कर्म लांबलचक असेल तर ते 'ऑफ'च्या नंतरच शोभते, मध्ये कोंबले की वाक्य मोडते.

आता बंदीविषयी. ज्या क्लासमध्ये मराठी उच्चारण्यास बंदी आहे, तो क्लास आपल्याजवळचे सर्वांत धारदार हत्यार दारातच काढून घेतो, असे माझे स्पष्ट मत आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले, आणि शब्दांच्या ज्या आठ जाती आपण शाळेत शिकलो त्या मराठीत इंग्रजी व्याकरणाच्या वळणावरच आल्या. जे साचे इंग्रजीवरून आपल्याकडे आले, ते इंग्रजी शिकताना वापरायचे नाहीत, या आग्रहाला कोणता आधार आहे? महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, तरीही आपल्याला हा प्रश्न अनोळखी माणसांना विचारावा लागतो, याचा दोष मी मुलांच्या मराठीला देणार नाही.

मराठी कधी फसवतच नाही, असे मात्र मी म्हणत नाही. 'विषयी' डोक्यात असल्यामुळे 'डिस्कस अबाउट' आणि 'च्याशी लग्न' डोक्यात असल्यामुळे 'मॅरी विथ' या चुका आपल्याकडे सर्रास होतात, आणि त्या माझ्या वर्गातही होत असत. शिवाय सुटा शब्द ओळखता आला म्हणून अर्थ कळेलच असे नाही. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, हे 'वर' या अर्थावरून निघत नाही, तेवढे पाठच करावे लागते. मात्र 'गिव्ह इट अप' म्हणताना 'इट' कोठे बसवायचे, हे पाठ करण्याची गरज नाही.