‘नोमोस’, ‘नूस’ आणि आपला ‘नियम’

विचारणा अशी आहे: ग्रीक ‘नोमोस’ (कायदा) आणि आपला ‘नियम’ एकाच मुळाचे का? आणि प्लेटोने ‘नोमोस’चं नातं ‘नूस’शी, म्हणजे बुद्धीशी, जोडलंय ते खरं का?

‘नियम’चं लगेच उरकतो. तो नि + यम्, म्हणजे आवरणे, लगाम घालणे. ‘नोमोस’ आला ‘नेमेइन’ या क्रियापदावरून, त्याचा अर्थ वाटून देणे. ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेलं ते नोमोस. आधी रीत, मग कायदा. ‘इकॉनॉमी’तला ‘नॉमी’ याच घरचा. उच्चारातलं साम्य योगायोगाचं.

‘नूस’ मात्र पूर्वीच्या ‘नोओस’चं रूप, त्याचा ‘नेमेइन’शी संबंध नाही. म्हणजे प्लेटोची व्युत्पत्ती चूकच. पण ती अडाणीपणाची चूक नव्हे. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा यास्कही आपल्या निरुक्तात असंच करतो: शब्द फोडायचा तो अर्थ उघडण्यासाठी. ‘नोमोइ’ या संवादाच्या चौथ्या भागात प्लेटो म्हणतो, की नूसने केलेल्या वाटणीला आपण नोमोस म्हणतो. इथे ‘नेमेइन’ त्याला चांगलंच ठाऊक आहे, हे लक्षात घ्या! बाराव्या भागात तो न्यायाधीशाला कायद्यांचा अभ्यास करायला लावतो. त्यातून माणूस सुधारणार नसेल, तर कायद्याला नूसशी जुळणारं नाव मिळालं ते फुकटच, असं त्याचं म्हणणं.

नागरिकालाही कायदा समजला पाहिजे, हा त्याचा आग्रह मला जास्त मोलाचा वाटतो. त्यासाठी तो वैद्यांचा दाखला देतो: गुलामांचा वैद्य कारण न सांगता औषध ठोकून देतो. स्वतंत्र माणसांचा वैद्य रोग्याशी बोलतो, त्याला पटल्याशिवाय उपचार करत नाही. म्हणून प्रत्येक कायद्याआधी समजावणीची प्रस्तावना हवी. तिला तो ‘प्रोओइमिओन’ म्हणतो. हा गाण्याबजावण्यातला शब्द, गीताआधीची सुरावट. गंमत म्हणजे ‘नोमोस’ हे ग्रीक संगीतातल्या एका रचनाप्रकाराचंही नाव होतं. प्लेटो या श्लेषाचा पुरेपूर फायदा उठवतो.

अशी कोटी करणारा तो पहिला नव्हे. त्याच्या शंभरेक वर्षं आधी एफेससच्या हेराक्लिटस या तत्त्वज्ञाने ‘क्सून नोओइ’ (समजुतीने) आणि ‘क्सुनोइ’ (सर्वांना सामाईक) हे शब्द एकाच वाक्यात भिडवले: समजून बोलणाऱ्यांनी सर्वांच्या सामाईक गोष्टीचा आधार घ्यावा, जसा नगर आपल्या नोमोसचा घेतं.

ॲरिस्टॉटल कोटीच्या वाटेला न जाता ‘पोलिटिका’त सरळ लिहितो, की कायदा म्हणजे वासनेविना नूस. इथे ‘नूस’ला ‘बुद्धी’पेक्षा ‘विवेक’ जवळचा, कारण माणसाच्या हाती सत्ता दिली की तिच्यात रागलोभ शिरतात, असाच तिथला युक्तिवाद आहे.