सोफ्यावर शांतता, शोकेसमध्ये खणखणाट

प्रश्न : आमचा हॉल 15 फूट लांब, 11 फूट रुंद. टीव्हीशेजारी नवा दहा इंची सबवूफर, म्हणजे फक्त बेसचा स्पीकर, ठेवलाय. खोक्यावर ‘20 हर्ट्झपासून’ असं छापलंय. सोफा हॉलच्या मधोमध, त्यामागे डायनिंग टेबल. सोफ्यावर बसलं की बेस जवळजवळ येतच नाही. मागच्या भिंतीजवळच्या शोकेसमधल्या कपबश्या मात्र खणखणतात आणि खालच्या मजल्यावरच्या काकू तक्रार घेऊन वर येतात. मुलगा म्हणतो, पंधरा इंची घेऊ. मी फसलो का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : पंधरा इंची घेऊ नका. आधी सोफा हलवा.

परातीत पाणी घेऊन चालून बघा. पाणी काठाशी हिंदकळतं, मध्यभागी पातळी फारशी बदलत नाही. तुमच्या हॉलमधल्या हवेचं तेच होतंय. 37-38 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या वेळा थरथरणाऱ्या लाटेची लांबी साधारण 30 फूट, म्हणजे तुमच्या हॉलच्या बरोबर दुप्पट. अशा लाटेचा जोर समोरच्या आणि मागच्या भिंतीशी साचतो आणि मधली जागा कोरडी राहते. त्या कोरड्या जागी तुम्ही बसलाय आणि ओल्या जागी कपबश्या. बेस ऐकू येत नाही म्हणून तुम्ही सबवूफरच्या मागचं आवाजाचं बटण फिरवत गेला असणार, आणि ते सगळं काकूंच्या वाट्याला गेलं.

टेबल एका बाजूच्या भिंतीला लावा आणि सोफा तीन-चार फूट मागे घ्या. मग सबवूफर उचलून थेट सोफ्यावर ठेवा, एखादं भरपूर बेसचं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर रांगा. जिथे बेस भरीव पण स्वच्छ वाटेल, गुंगुं करत रेंगाळणार नाही, तिथे सबवूफर कायमचा ठेवा. घरचे हसतील, हसू द्या. मी गिऱ्हाइकांच्या घरी गेली पंचवीस वर्षं रांगतोय. सोफा न हलवता मात्र रांगू नका, कोरड्या जागेवरून सबवूफर वाजवला तर नेमकी तीच लाट उठायची नाही.

आता खोक्यावरचा आकडा. 20 हर्ट्झला आवाज किती डेसिबलने पडतो हे शेजारी छापलेलं नसेल, तर तो आकडा लग्नाच्या बायोडेटातल्या उंचीसारखा समजा. आपला कानही तिथे मठ्ठ असतो. 20 हर्ट्झचा सूर नुसता जाणवायलाच जवळपास 80 डेसिबल लागतात. त्यात गणित असं, की सूर निम्म्यावर आणला तर तेवढ्याच जोरासाठी चौपट हवा ढकलावी लागते. 40 वरून 20 वर यायला चौपट, 10 वर जायला सोळापट. पंधरा इंची कोनचं (स्पीकरच्या पुढे-मागे हलणाऱ्या पडद्याचं) क्षेत्रफळ दहा इंचीच्या सव्वादोन पटच भरतं. उरलेली कसर कोनला पुढे-मागे जास्त धावून भरून काढावी लागते, आणि पैसा त्या धावण्याचा पडतो.

आणि वाजवणार काय? बेस गिटारची सर्वात जाड तार 41 हर्ट्झवर असते, पियानोची डावीकडची शेवटची पट्टी 27.5 वर. त्याखाली मोठ्या चर्चमधल्या ऑर्गनचे 32 फुटी पाइप, सुमारे 16 हर्ट्झ, आणि सिनेमातले स्फोट. अगदी तळाला जायचं तर कोनचा नादच सोडावा लागतो. अमेरिकेत ब्रूस थिगपेन यांनी पंख्यासारखा वूफर बनवलाय. पाती एकाच वेगाने फिरत राहतात, आवाजाप्रमाणे फक्त त्यांचा तिरपेपणा बदलतो. त्याला खोका म्हणून शेजारची आख्खी खोली किंवा माळा द्यावा लागतो. डोंबिवलीत माळा मिळाला तर माणसं त्यात भाडेकरू ठेवतील.

मोबाइलवरून 20 हर्ट्झचा टेस्ट टोन मोठ्याने लावायचा मोह होईल, तो आवरा. नव्वदच्या दशकात मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून बारा इंची ड्रायव्हर, म्हणजे खोक्याविना नुसता स्पीकर, आणून प्लायवूडचा खोका ठोकला, 35 हर्ट्झला जुळवलेला पोर्ट, म्हणजे हवेसाठीचं भोक, बसवला आणि ऐटीत 20 चा टोन सोडला. पोर्टच्या सुराखाली हवेचा लगाम सुटतो, कोन मोकाट धावतो. दोनदा ठक् ठक् झालं, मग जळक्या वार्निशचा वास. कोन हलवणारी तारेची कॉइल गेली. महिनाभराचा पगार होता तो. तुमच्या सबवूफरला असं भोक असेल तर तोच धोका. शिवाय त्या टोनला जे ऐकू येतं ते बरेचदा 20 नसतंच, कोन ताणल्यामुळे निघालेले 40 आणि 60 असतात, वर भोकातून फुसफुस.

काकूंसाठी भिंतीला फोम चिकटवून पैसे घालवू नका, एवढ्या लांब लाटेला तो दिसतही नाही. सबवूफरखाली जाड रबराचा पॅड ठेवा, स्लॅबमध्ये थेट उतरणारी थरथर कमी होईल. हवेतून जायचं ते जाणारच, त्यावर उपाय ते बटण. सोफा हलल्यावर ते बरंच खाली आणता येईल.

कपबश्या थोड्या वाजतीलच, त्या भिंतीशीच आहेत. दोन बश्यांच्या मध्ये जुन्या धोतराचा तुकडा घाला.