यक्षी नायिका होऊ शकते का?

प्रश्न : ‘लोका : चॅप्टर १ – चंद्रा’ हा २०२५ चा मल्याळम सुपरहिरोपट पाहिला. नायिका आवडली, परंतु रक्त पिणाऱ्या यक्षीला सुपरहिरो म्हणणे पटले नाही. आपले मत काय?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण ही नायिका ज्या यक्षीवर बेतली आहे ती केरळच्या लोककथांतील कळ्ळियंकाट्टू नीली वाटसरूंना भुलवून त्यांचा जीव घेते आणि कडमट्टत्तु कत्तनार हा मांत्रिक पाद्री तिला वश करतो. दिग्दर्शक डॉमिनिक अरुण यांनी मात्र ही कथा नीलीच्या बाजूने मांडून तिला आजच्या बंगळुरूत आणले आणि तिच्या सामर्थ्यामागे राजसत्तेने चिरडलेल्या वनवासी समाजाचे दुःख उभे केले, हे मला या चित्रपटाचे खरे धाडस वाटते. नायिका साकारणाऱ्या कल्याणी प्रियदर्शन यांच्या थकलेल्या, सावध नजरेत शतकांचा एकटेपणा दिसतो. नस्लेन यांनी साकारलेला तिचा भाबडा शेजारी सनी त्याला ऊब देतो. उत्तरार्धात पुढील भागांची पेरणी जरा जास्त झाली आहे, हे मान्य. तरीही, कोकणात हडळीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मला, ती हडळ झाली कशी हे आम्ही आजीला कधीच का विचारले नाही, हा प्रश्न घरी परतताना सतत छळत राहिला.