डी अँड डी, म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून आपापलं कल्पित पात्र वठवायचा खेळ. त्याच्या एकाच ग्रुपमध्ये दोन 'थेरेन' निघाले. नाव कोणी बदलायचं?

ग्रुपमध्ये आलेल्या नव्या मुलानं तुमच्या पात्राचं नाव ढापलं, ही शंका आधी डोक्यातून काढा. 'मी नाव कुणाला सांगितलंच नव्हतं, मग त्याचाही एल्फ (परीकथांतल्या दीर्घायुषी वंशातला) नेमका थेरेन कसा?' असं तुम्ही विचारलंय. बहुधा दोघांनी ते एकाच पानावरून उचललंय. २०१४च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये, म्हणजे खेळाच्या नियमांच्या पुस्तकात, एल्फ वंशाच्या माहितीतच नमुन्याची नावं दिली आहेत. एरेवान, सोवेलिस, थेरेन, व्हॅरिस... पुरुषांची नावं जेमतेम तीसेक. जगभरातले नवे खेळाडू पहिलं पात्र बनवताना तेच पान उघडतात. पान कधीतरी चाळलेलं असतं, महिन्याभरानं नाव 'आपोआप सुचतं'.

समजा, यादी कुणीच पाहिली नाही. तरी एल्फ म्हटलं की आपण सगळे ल, र, न, थ असल्या मऊ अक्षरांकडेच वळतो. ही सवय मुख्यतः 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किननं लावली. आणि त्यानं तरी काय केलं? गँडाल्फ, थोरिन, दुरिन ही नावं त्यानं 'व्होलुस्पा' या जुन्या नॉर्स काव्यातल्या बुटक्यांच्या यादीतून घेतली. म्हणजे यादीवरून नाव घेण्याची परंपरा चांगली घरंदाज आहे.

निव्वळ योगायोगही घडतात. १९५६ साली टॉल्किनला लंडनहून पत्र आलं, लिहिणाऱ्याचं खरं नाव सॅम गॅमजी, म्हणजे नेमकं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या पात्राचं! रेडिओवरच्या नभोनाट्यामुळे आपलं नाव कुठल्याशा कथेत आहे हे त्याला कळलं होतं. टॉल्किननं आनंदानं उत्तर पाठवलं. पुढे मात्र आता एखादं पत्र 'एस. गॉलम' (गॉलम हे त्याच कथेतलं विकृत पात्र) अशा सहीचं येतं की काय, अशी धास्ती त्याला वाटत राहिली म्हणे.

ऑनलाइन गेमवाल्यांना हा प्रश्न तांत्रिक पद्धतीनं सोडवावा लागतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एका रिअल्मवर (म्हणजे सर्व्हरवर) एक नाव एकालाच मिळतं. म्हणून मग टॉल्किनच्या प्रसिद्ध एल्फचं 'लेगोलास' हे नाव हवंच असलेली मंडळी अक्षरांवर टिंबं-रेघा चढवतात, दिसायला भयंकर. फायनल फँटसी १४मध्ये नाव आणि आडनाव दोन्ही लागतात, ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

तुमच्या टेबलावर खरी अडचण एकच: लढाईत डीएम (खेळ चालवणारा, गोष्ट रचणारा) 'थेरेन, तुझी पाळी' म्हणाला की दोघं फासे उचलणार. हक्क कुणाचा, हा वाद घालू नका. थेरेन म्हणजे काही डी अँड डीच्या कादंबऱ्यांतला प्रसिद्ध नायक ड्रिझ्ट नाही, की ऐकताक्षणी दोन तलवारींचा जांभळ्या डोळ्यांचा ड्राऊ (पाताळात राहणाऱ्या एल्फांपैकी) डोळ्यासमोर यावा. तसलं नाव असतं तर बदला म्हणालो असतो.

माझं मत विचाराल तर दोघंही थेरेनच राहू द्या. एकाच घराण्यात तीच नावं फिरणं आपल्याला नवं आहे का? शिवाजी महाराजांच्या थोरल्या भावाचं नाव संभाजी, मुलाचंही संभाजी, आणि पुढे राजारामांचा एक मुलगा शिवाजी, दुसरा संभाजी. कल्पित राज्यांतच का कोण जाणे, प्रत्येकाला जगावेगळं नाव लागतं.

वेगळं ओळखायची सोय नियमांच्या पुस्तकातच आहे. एल्फ साधारण शंभरीनंतर स्वतःला प्रौढ जाहीर करतो आणि तेव्हा नवं नाव घेतो, तोवर बालपणीचं नाव चालतं. तुमच्यापैकी ज्याचं पात्र वयानं लहान असेल त्याला सगळ्यांनी 'रिन' किंवा 'फेन' म्हणावं, ही नावंही तिथलीच. शंभरी ओलांडल्यावर त्यानंही 'थेरेन'च का निवडलं, हे डीएमला ठरवू द्या. कदाचित तो तुमच्याच पात्राला मानत असेल, कदाचित एखाद्या मेलेल्या काकाचं नाव असेल. दुसरं सत्र कधी आहे? त्याआधीच डीएमच्या कानावर घाला, म्हणजे त्याला गोष्ट रचायला वेळ मिळेल.