पाठीतलं पाणी आणि सुईवरचा आळ

प्रश्न : माझ्या वहिनीला (वय 27) तीन आठवडे रोज संध्याकाळी कणकण यायची, डोकं दुखायचं. पित्त म्हणून औषधं चालली. आता उलट्या होतात, मधूनच असंबद्ध बोलते. डॉक्टरांना मेंदूच्या आवरणाचा टीबी वाटतो, पाठीतून पाणी काढायचं म्हणतात. आई म्हणते, त्यानं माणूस लुळा पडतो. सही करावी का?
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : अंक निघेपर्यंत थांबण्यासारखं हे पत्र नव्हतं, म्हणून लगेच फोन केला. सही आदल्या दिवशीच झाली हे ऐकून जीव भांड्यात पडला. हे उत्तर आता तुमच्या आईंसाठी.

आई, मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. सुई त्याच्याही खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधल्या फटीत जाते. तिथे नसांचे धागे पाण्यात तरंगत असतात, सुई आली की बाजूला सरतात. हे पाणी एकूण 150 मिलिलिटरच्या आसपास. तपासणीला दोन चमचे पुरतात, आणि शरीर दिवसाला अर्धा लिटर नवं बनवतं. नंतर काही दिवस डोकं दुखू शकतं, बहुतेकांना एवढंच. (मेंदूतला दाब वाढल्याची शंका असेल तर आधी सीटी स्कॅन करतात.)

लुळेपणा येतो तो आजारानं. टीबीचा चिकट स्राव मेंदूच्या तळाशी साचतो आणि तिथल्या रक्तवाहिन्या आवळतो. मी शिकाऊ डॉक्टर असताना एका मुलाच्या वडिलांनी सहीला चार दिवस लावले. पाचव्या दिवशी पाणी काढलं. नळी रात्रभर स्टँडमध्ये न हलवता ठेवली. सकाळी नितळ पाण्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक साय लोंबत होती, टीबीची जुनी खूण. त्याच दुपारी पोराचा उजवा हात-पाय गेला. गाव म्हणालं, सुईनं गेला. मला अजून ते चार दिवस आठवतात.

वहिनीच्या गोळ्या नऊ ते बारा महिने चालतील. दोन महिन्यांत ती भाकऱ्या थापायला लागेल, घरात कुणीतरी म्हणेलच, "आता कशाला गोळ्या?" ऐकू नका. लघवी नारिंगी होते ती औषधानं, घाबरू नका. डोळे पिवळे दिसले किंवा पुन्हा उलट्या लागल्या, तर मात्र त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

छातीचा एक्स-रे झाला का, ते विचारा. फुप्फुसात टीबी असेल तर घरातल्यांचीही तपासणी लागेल. मेंदूतला टीबी दुसऱ्याला लागत नाही. तिचं ताट-वाटी वेगळी काढली असेल, तर आजच परत मांडणीवर ठेवा.