ठिपके नसलेलं आदिवासी चित्र

प्रश्न : माझी मुलगी मेलबर्नला शिकते. तिथल्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियातल्या एका चित्राचा फोटो तिने पाठवला. विल्यम बराक या आदिवासी चित्रकाराने ते १८९८ मध्ये काढलंय. कातडी पांघरलेल्या माणसांच्या रांगा, सगळी माणसं एकसारखी. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची चित्रं ठिपक्यांची असतात, असं वाचलं होतं. इथे तर ठिपकेच नाहीत. मग याला पारंपरिक म्हणायचं का?

उत्तर : म्हणायचं, अगदी ठामपणे. ठिपक्यांची जी चित्रं आपण पाहतो, त्यांची सुरुवात १९७१ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या पापुन्या वस्तीत झाली. बराक वारले १९०३ मध्ये, आणि ते होते आग्नेयेकडच्या यारा नदीकाठच्या वुरुंजेरी लोकांचे प्रमुख. त्या भागाची परंपरा रेघांची आहे. ढालींवर, झाडांच्या खोडांवर, कातड्यांवर तिरपे चौकोन आणि नागमोडी पट्टे कोरायचे. एका खंडातल्या शेकडो समाजांना एकाच शैलीत बसवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता माणसं एकसारखी का? चेहरे सोडा, पांघरुणं बघा. एकावर आडव्या रेघा, शेजारच्यावर तिरपे चौकोन, तिसऱ्यावर आणखी काही. पॉसम नावाच्या प्राण्याची कातडी कांगारूच्या स्नायूंच्या धाग्याने शिवून ही पांघरुणं करत. आतल्या बाजूला नक्षी कोरून गेरू भरत. मूल वाढेल तशी नवी कातडी जोडली जात, आणि माणूस गेला की बरेचदा त्याला त्यातच गुंडाळून पुरत. म्हणजे कोण कुठला, कोणाचा, हे त्या नक्षीत. बराक यांनी माणसांची ओळख तिथे लिहून ठेवली आहे. नाक-डोळे काढायची त्यांना गरजच वाटली नसावी.

त्यांच्या चित्रांत बायका बरेचदा बसलेल्या दिसतात. कातड्याची घट्ट गुंडाळी मांडीवर घेऊन तळव्याने ठोकत ताल धरायचा, तोच ढोल. समोर पुरुष हात उंचावून नाचतात, मध्ये शेकोट्या. क्षितिज नाही, दूर-जवळ नाही. सगळे एकाच वेळी विधीत असतात.

यातलं बरंच काही ते आठवणीतून काढत होते. लहानपणी, १८३५ मध्ये, जॉन बॅटमन गोऱ्यांच्या वतीने जमिनीचा करार करायला आला तेव्हा आपण तिथे होतो, असं ते सांगत. पुढे त्यांचे लोक हील्सव्हिलजवळच्या कोरँडर्क या, सरकारने आदिवासींसाठी राखलेल्या वसाहतीत राहिले. तिथल्या अधिकाऱ्यांना जुने विधी नको होते, आणि कातड्यांची जागा सरकारी ब्लँकेटांनी घेतली होती. बराक स्वतः ख्रिस्ती झाले होते, कोटात वावरत. वसाहत वाचवण्यासाठी शिष्टमंडळं घेऊन ते मेलबर्नपर्यंत पायी जात. आणि उतारवयात कागद, गेरू, कोळसा, जलरंग घेऊन बसले. माझ्या मते जे अंगणात करता येत नव्हतं, ते ते कागदावर करत होते. पाहुण्यांना चित्रं देत, विकत, म्हणून कित्येक चित्रं परदेशात पोचली.

मुलीला मेलबर्न म्युझियमच्या संग्रहातल्या दोन जुन्या पांघरुणांबद्दल वाचायला सांगा. एक लेक कोंडा इथलं, दुसरं एचुकाजवळचं. अशी पूर्ण पांघरुणं आज मोजकीच शिल्लक आहेत. त्यामुळे बराक यांचे कागद हे पुरावेही आहेत.

२०२२ मध्ये त्यांचं १८९७ चं एक चित्र, पांघरुणातल्या बायकांचं, न्यूयॉर्कच्या लिलावात आलं. वुरुंजेरी लोकांनी वर्गणी काढली, व्हिक्टोरिया सरकारनेही पैसे घातले आणि त्यांनी ते विकत घेऊन घरी नेलं. स्वतःच्याच आजोबा-पणजोबांच्या विधीचं चित्र त्यांना विकत घ्यावं लागलं, हे मला अजून पटलेलं नाही. त्याच लिलावात बराक यांनी घडवलेली एक ढालही होती. तीही वुरुंजेरी लोकांनी सोडली नाही, विकत घेतली.