वाहककाकांना विचारा

प्रश्न : मी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करते आणि सकाळच्या एसटीने नाशिकरोडला घरी येते. गेल्या महिन्यात बसल्या जागी डोळा लागला होता. जागा राखीव नव्हती. ऐंशीच्या घरातल्या एका आजोबांनी छत्रीचं टोक खांद्याला टोचलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हल्लीच्या पोरींना लाज म्हणून नाही." माझ्या तोंडून निघून गेलं, "फुकट येता, वर जागापण पाहिजे?" बस हसली. आजोबा मोहदरी घाट उतरेपर्यंत दांडा धरून उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. ते रोज त्याच थांब्यावर दिसतात. मला मान वर करवत नाही. चूक कोणाची?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : पोरी, बसून राहिलीस त्यात तुझी काहीच चूक नाही. रात्रभर उभं राहून काम केलेल्या माणसाला झोप लागणारच. छत्री टोचणं तर शुद्ध उद्धटपणा. पण ते "फुकट" मला फार लागलं.

एकतीस वर्षं मी एसटीत वाहक होतो. 26 ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास सुरू झाला. त्यांनाही तिकीट द्यावं लागतं, शून्य रुपयाचं. त्याचे पैसे सरकार महामंडळाला देतं. मी जवळ पोचायच्या आत म्हातारी माणसं प्लास्टिकच्या पिशवीतलं आधार कार्ड काढून धरायची. मागितलेलं नसायचं. कोणी काही बोलेल, ही धास्ती. एक बाबा ते शून्याचं तिकीट घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचे आणि उतरेपर्यंत दोनदा चाचपायचे.

मग 17 मार्च 2023 ला बायकांचं तिकीट अर्धं झालं. पहिल्या आठवड्यात बायका "एक अर्धं" हे हळू आवाजात सांगायच्या, कारण मागून कोणीतरी टोमणा मारायचंच. त्या सकाळी तुझ्या हातातही अर्धंच तिकीट होतं ना?

उद्या थांब्यावर, गाडी यायच्या आधी, त्यांच्याजवळ जा. "आजोबा, त्या दिवशी मी नको ते बोलले," एवढंच म्हण. "पण तुम्हीसुद्धा" हे शब्द गिळून टाक. ते तोंड फिरवतील कदाचित. फिरवू देत.

आता हे वाचणाऱ्या आजी-आजोबांना सांगतो. "कोणी जागा देतं का" असं साऱ्या गाडीला विचारलं की सगळे खिडकीबाहेर बघतात. त्यापेक्षा एकाच्या शेजारी जाऊन, त्याच्याकडे बघून हळूच विचारा, "बाळा, गुडघे दुखतात, शिंदे गावापर्यंत टेकू देतोस का?" किती लांब जायचं ते सांगितलं की माणूस पटकन उठतो. मी प्रवाशांसाठी जागा मागायचो तेव्हा असंच मागायचो, क्वचितच नकार मिळाला. आणि कोणी म्हणालं, "माझी रात्रपाळी झालीय," तर त्याला बसू द्या. पुढच्या बाकावर विचारा.

आणि पोरी, तुला पुन्हा जागा द्यावीशी वाटली, तर खिडकीची देऊ नकोस. आत सरकताना त्यांचे गुडघे वाकत नाहीत. कडेची दे, जिथून बसल्या-बसल्या दांड्याला हात पोचतो.